काचेच्या भांड्यातले पानगे

माणूस एकाएकी गोड बोलायला लागला की मी आधी त्याच्या हातांकडे बघते. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेला माझा. ज्या पोराच्या मुठीत चिठ्ठी असते तो त्या दिवशी फार नम्र असतो, हे मी पहिल्या वर्षीच शिकले. पुढे शाळा सुटली, सवय सुटली नाही. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर घातली तर मी घरी येऊन वांगी उलटीपालटी करून बघते, आणि एखादं किडकं निघतंच.

त्यामुळे माझा मुलगा चंद्रपूरहून फोनवर म्हणाला, "आई, तुले एक मशीन घेऊन देतो, त्यात सारं भाजून निघते, उचलाउचलीचं काम नाई," तेव्हा मी लगेच सावध झाले. एकुलता एक आहे, चांगला आहे, पण लाडात येणारा नाही. चंद्रपूरच्या एका कचेरीत त्याची नोकरी, सून शिक्षिका, दोन खोल्यांचं घर. त्यांना माझ्या स्वयंपाकघराची एवढी काळजी कशाला? म्हटलं, इथं कुठेतरी पाणी मुरतंय.

कारण मला माहीत होतं, किंवा मला तसं वाटत होतं. संधिवाताने माझी बोटं गेली कित्येक वर्षं वाकडी होत चालली आहेत. सकाळी उठलं की मूठ वळत नाही. गॅसचा लायटर दाबायचा तर दोन्ही हात लावावे लागतात, आणि कुकरच्या झाकणाशी माझं कायमचं भांडण. तरी मी ब्रह्मपुरीतल्या माझ्या घरात एकटी राहून, स्वतःचं करून, स्वतःचं खात होते. आमचे हे वारल्यानंतरही तशीच राहिले. मग पावसाळ्याच्या तोंडावर एक दिवस गॅसवरून भाताचा गंज उतरवताना सांडशी निसटली आणि कढत पेज पायावर सांडली. शेजारीण आवाज ऐकून आली, तिने पायावर पाणी ओतलं, मला दवाखान्यात नेलं आणि तिथूनच माझ्या मुलाला फोन लावला. मला न विचारता.

तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, "चंद्रपूरले चाल." आणि माझं एकच उत्तर, नाही. हे घर माझ्या पगारातून उभं राहिलंय. चहा केव्हा करायचा, भाजीत तिखट किती घालायचं, दुपारी दार लावून आडवं व्हायचं की नाही, हे मी ठरवते. दुसऱ्याच्या घरी, मग ते मुलाचं का असेना, हे सगळं विचारून करावं लागतं. चूल गेली की बाईचं घर गेलं, असं माझं मत आहे आणि ते कोणी बदलू शकलेलं नाही.

शेवटी तोडगा निघाला मंडईचा. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि घरोघर पाहुणे. मंडईला आमच्याकडे पानगे असतात. गव्हाच्या जाड कणकेचे चपटे गोळे करायचे, वरखाली पळसाचं पान लावायचं आणि गवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, पुरून भाजायचे. मग ते हाताने फोडून, कुस्करून, वर वरण आणि तुपाची धार. सासूबाईंपासून चालत आलेली गोष्ट. मुलगा म्हणाला, "हे मशीन मंडईपर्यंत वापरून पाय. त्या दिवशी मी जेवाले येतो. तुले जमलं तर राय इथीच, मी पुन्हा नाव काढणार नाई. नाई जमलं तर माह्यासंगं चालाचं."

मी हो म्हटलं. पण मनात म्हटलं, परीक्षा घेणाराच पेपर काढतोय आणि गाईडही तोच विकत घेऊन देतोय. असा पेपर सोपा नसतो.

चंद्रपूरला दुकानात मी स्वतः गेले. तो म्हणाला होता, घरपोच मागवतो. मी म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला, माझे हात मीच दुकानात घेऊन येते. पिशवीत एक मोठं वांगंही घेतलं होतं.

दुकानदाराने तीन मशिनं मांडली. दिसायला तिन्ही सारखी, काचेचं मोठं भांडं आणि वर जाडजूड झाकण. खरी गंमत झाकणात. त्यातच दिवा, त्यातच पंखा. दिवा तापतो, पंखा ती गरम हवा भांड्यात फिरवतो आणि अन्न भाजतं, असं त्याने सांगितलं. याला हॅलोजन ओव्हन म्हणायचं. दिव्याने वांगं भाजतं हे ऐकून मी मुलाकडे बघितलं. तो गंभीर होता.

"काकू, हे घ्या. डिजिटल आहे, नुसतं बोट लावाचं," दुकानदार म्हणाला.

मी बोट लावलं. काही झालं नाही. माझ्या वाकड्या बोटाचं टोक त्या गुळगुळीत काचेला ओळखू येईना. मग दुसरं पाहिलं. त्याचं झाकण सुटं, उचलून बाजूला ठेवायचं. थंड असतानाच मला ते वीतभर उचलता आलं आणि मनगटातून कळ गेली. गरम झाल्यावर, आतला दिवा लाल असताना, हे उचलून मी ठेवू कुठं? दुकानदार म्हणाला, त्याला वेगळा स्टँड येतो. म्हटलं, स्टँड येईल हो, मनगट कुठून येईल?

तिसऱ्याचं झाकण मागच्या बाजूला दांडीला जोडलेलं होतं, पेटीच्या झाकणासारखं. उचलून घ्यायची गरज नाही, वर ढकललं की आपलं आपण उभं राहतं. मी बोटं लावलीच नाहीत. कोपराच्या खालचा भाग झाकणाच्या दांड्याखाली घातला आणि वर रेटलं. उघडलं. दांडा खाली दाबला की मशीन सुरू, वर केला की बंद, तेही तळहाताच्या टाचेने जमलं. वेळेची आणि गरमीची बटणं पंख असलेली, फिरवायला बोटांची चिमूट लागत नव्हती, हाताच्या कडेने ढकलली की फिरत. मग मी पिशवीतून वांगं काढून आत ठेवलं आणि बाहेर काढून दाखवलं. दुकानातली दोनचार माणसं बघायला थांबली. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

लक्ष माझं मुलाकडे होतं. माझ्यानंतर त्याने तिन्ही झाकणं उघडून पाहिली. उजव्या हाताने, मग डाव्या हाताने. सुटं झाकण तर त्याने उचललं आणि लगेच खाली ठेवलं. दांडीवालं मात्र माझ्यासारखंच कोपराने रेटून पाहिलं. मग दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि दुकानदाराला विचारलं, "वजन किती आहे हो काचेचं?" धडधाकट माणसाला काचेचं वजन कशाला हवं? मी ओळखलं. आईला हे पेलणार नाही, याचा पुरावा जमवणं चाललं होतं.

"हेच घ्याचं," मी म्हटलं, "आणि काचेचं भांडं मी उचलणारच नाई. जागच्या जागी पुसीन."

"तेच बरं," तो म्हणाला. एवढ्या लवकर तो कधी हो म्हणत नसे. तेही मी लक्षात ठेवलं.

घरी मशीन कुठं ठेवायचं यावरूनही वाद झाला. ओट्यावर ठेवलं तर माझा कोपर वर पोचत नव्हता. शेवटी माझं शाळेतलं जुनं टेबल स्वयंपाकघरात आलं, कमरेएवढं. प्लग सरळ भिंतीत. ते गरम होतं म्हणून आजूबाजूला काही ठेवायचं नाही, असं तो दोनदा सांगून गेला. तो आला बसने, गेला बसने. त्याची चारचाकी होती, ब्रह्मपुरीला यायचा तर दारात उभी असायची. विचारलं तर म्हणाला, "कंटाळा येते चालवाचा." माझ्या मनात आलं, विकली असणार. चंद्रपूरला माझ्यासाठी खोली बांधायला पैसा लागतोय.

पहिले काही दिवस मी त्या मशीनवर पहारा दिला. समोर स्टूल टाकून बसायची. वांग्याला आधी सुरीने टोचे मारले होते, नाहीतर ते फुटतं. दिवा लागला, सगळं भांडं नारिंगी झालं, पंखा घोंघावू लागला. आणि थोड्या वेळात दिवा गेला. मी म्हटलं, घ्या, नव्याचे नऊ दिवसही झाले नाहीत. उठून प्लग बघायला गेले तर दिवा पुन्हा लागला. पुन्हा गेला. पुन्हा लागला. हवी तेवढी गरमी झाली की तो आपोआप विझतो आणि कमी झाली की लागतो, हे मला मागाहून कळलं. पण त्या दिवशी वाटलं, हे यंत्र माझ्या पाठीमागे काहीतरी करतंय आणि मी बघितलं की साळसूद होतंय. असले विद्यार्थी मी पुष्कळ पाहिलेत.

वांगं मात्र छान भाजलं. कातडी आपोआप सुटली. भरीत केलं, त्याला चुलीच्या धुराचा वास नव्हता, म्हणून मी त्याला भरीत म्हणायला तयार नव्हते. पण पोटभर खाल्लं. बटाटे जमले, रताळी जमली, मक्याचं कणीस जमलं. चिमटा दाबता येत नाही, तर लाकडी सराटा, म्हणजे उलथणं, खाली सरकवायचा आणि ताटलीत ओढायचं, ही युक्ती माझी मलाच सुचली. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. कित्येक महिन्यांनी कोणाला हाक न मारता गरम जेवले होते.

मुलगा रोज विचारायचा. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी लिहायचा, आता बोलूनच पाठवायचा. "आई, झाकण उघडताना कळ येते का? सकाळी जास्त दुखते का संध्याकाळी? बटन फिरवाले कोन्ता हात लावते?" एवढी चौकशी डॉक्टरनेही कधी केली नव्हती. मी उत्तरं मोजून मापून द्यायची. ताकाला तूर लागू दिली नाही. दुखतं म्हटलं की पकडली गेले.

मग मंडई आठवड्यावर आली आणि मी पानग्यांची रंगीत तालीम करायचं ठरवलं. कणीक शेजारणीने मळून दिली. पळसाची पानं बाजारातून आणली होती, चांगली रुंद, जरा सुकलेली. गोळे थापले, एक पान खाली, एक वर, सासूबाई करत तसंच. जाळीवर मांडले, झाकण लावलं, दांडा दाबला.

आरात पानावर राखेचा आणि गवऱ्यांचा भार असतो. इथं भार कसला, उलट वरून पंखा. बघता बघता वरचं एक पान उठलं, भांड्यात गोल गोल फिरलं आणि जाऊन दिव्याखालच्या जाळीला चिकटलं. दुसरंही त्याच्यामागे. काच पांढरी झाली, धुराने खोली भरली. मी घाईत कोपराने झाकण वर केलं तर पानाने पेटच घेतला.

शेजारीण बादली घेऊनच आत आली. "सरका बाई, सरका!"

"पाणी नको!" मी वर्गात ओरडावं तशी ओरडले. "काच तापली आहे, फुटंल!"

तिच्या हातात बादली तशीच राहिली. मी झाकण पुन्हा खाली लोटलं आणि भिंतीतलं बटण कोपराने बंद केलं. आतल्या आत आग विझली. दारं-खिडक्या तिनेच उघडल्या. मग आम्ही दोघी अंगणात बसून खोकत राहिलो. मी घाबरले होते, आणि आगीपेक्षा जास्त घाबरले होते ते या बाईच्या फोनला.

संध्याकाळी त्याचा निरोप आलाच. "आई, धूर झाला म्हने?"

मी तडक शेजारणीच्या दारात गेले. ती ताटात तांदूळ निवडत होती. "तू सांगतलं?"

"हो, मीच सांगतलं," ती म्हणाली. मान वरही केली नाही. "काऊन नाई सांगू? उद्या तुमाले काही झालं असतं त लोक मले विचारते, तू कुठी होती म्हनून."

मी चिडून घरी आले. निरोप पुढे ऐकायचा राहिला होता. मला वाटलं, आता म्हणेल, सामान बांध. तो म्हणाला, "लागलं त नाई न? एक सांग, तेवढ्या घाईत झाकण तू कसं उघडलं? बोटानं का कोपरानं?" मी तो निरोप पुन्हा ऐकला. असा कसा हा पोरगा? घर पेटता पेटता वाचलं आणि हा झाकण विचारतोय! रागाने मी उत्तरच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण स्वतःच आली. हातात बांबूच्या बारीक काड्या. पत्रावळी आणि द्रोण टाचायला वापरतात त्या. "वरचं पान उडते न? त टाचून टाकू," ती म्हणाली. माझ्या बोटांना काडी धरवत नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. ती पायरीवर बसली, ओल्या पानांची दोन्ही तोंडं जुळवून काड्या घातल्या आणि गोळा आत बंद केला. मी वरून आणखी एक लोखंडी जाळी उलटी ठेवली. पान हललं नाही. कडा करपल्या, आणि पळसाचा तो वास घरभर पसरला तेव्हा माझे डोळे भरून आले. धुराने नाही.

मंडईच्या दिवशी तो बसनेच आला. सून शाळेच्या कामात होती. खांद्याला झोळी, हात खिशात. आल्या आल्या मशीन बघितलं, जाळीवरचा काळा डाग बघितला. मी चहा दिला तो त्याने दोन्ही तळहातांत कप धरून घेतला. मी म्हटलं, थंडी एवढी कुठली लागून राहिली याला. बाहेर बाजाराचा भोंगा वाजत होता, आकाशपाळण्यावरच्या पोरांचा कालवा ऐकू येत होता.

मी पानगे लावले. त्याच्यासमोर कोपराने झाकण उघडलं, सराट्याने एकेक पानगा ओढला, काही सांडलं नाही. वरण शेजारणीकडचं, भरीत माझं. ताट वाढून त्याच्यापुढे ठेवलं. आतपर्यंत भाजलेला, वरून कडक पानगा. मनात म्हटलं, घे आता तुझा निकाल.

पानगा फोडायला हातात जोर लागतो. लहानपणी तो दोन अंगठे मधोमध घालून एका झटक्यात फोडायचा, वाफ तोंडावर यायची आणि हसायचा. माझ्याच्याने ते होत नाही. मी पानगा ताटात ठेवते आणि तांब्याच्या बुडाने दाबते, तळहाताची टाच तांब्यावर ठेवून, सगळं अंग पुढे झुकवून. ही रीत माझी आहे. मला कोणी शिकवली नाही आणि मी कोणाला दाखवली नाही, कारण ती बघायला चांगली दिसत नाही.

त्याने पानगा उचलला. बोटं त्याच्याभोवती नीट वळली नाहीत. त्याने तो खाली ठेवला, दाराकडे बघितलं, मग पाण्याचा तांब्या ओढून पानग्यावर ठेवला. तळहाताची टाच वर ठेवली आणि पुढे झुकला.

मी त्याच्या हातांकडे बघत होते. बोटांची पेरं सुजलेली, लाल. चारचाकी, बोलून पाठवलेले निरोप, खिशातले हात, काचेचं वजन. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी दुसराच गुन्हा शोधत बसले होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

तांब्या तसाच धरून तो म्हणाला, "उन्हाळ्यापासून. डॉक्टर म्हनते, तुह्यासारखंच आहे."

"सांगतलं काऊन नाई?"

"तू रडली असती. अन् मले तुले विचाराचं होतं, कसं करते तू सारं. फोनवर तू सांगतच नोहती. म्हनून म्हनत होतो, चाल." त्याचा आवाज बारीक झाला. "मले नाई येत आई हे. कचेरीत बाटलीचं झाकन उघडत नाई, शर्टाचं बटन लागत नाई. तुले येते."

मला मोठ्याने रडावंसं वाटलं. पण तो त्याचीच वाट बघत होता, म्हणून रडले नाही. उठले, त्याच्या शेजारी पाटावर बसले आणि त्याचा हात तांब्यावर नीट ठेवून दिला.

"बोटं वर घे," मी म्हटलं. "बोटांवर भार नाई द्याचा. इथी, मनगटाच्या खाली. आता अंग सोड."

त्याने अंग सोडलं. पानगा फुटला, वाफ वर आली. मी त्यावर तूप सोडलं आणि वरण घातलं. त्याने पहिला घास खाल्ला. आमच्या घरचेच पानगे होते.

चंद्रपूरला चलायचं नाव त्याने त्या दिवशी काढलं नाही. जेवणं झाल्यावर मीच शेजारणीला हाक मारली आणि म्हटलं, थंडी सरेपर्यंत मी याच्याकडे राहते, घराची किल्ली तुझ्याकडे राहू दे. मशीन खोक्यात घालून बसमध्ये चढवायला तिचा नवरा आला. आमच्या दोघांच्याने ते उचललं जाणार नव्हतं.